लतीफला मशीनगन का हवी होती?

समद बेहरंगी हे 1960च्या दशकातले इराणी बालकथाकार. त्यांच्याबद्दल, ‘समद बेहरंगी यांनी मुलांच्या हातात बंदूक दिली. इराणमधल्या त्या काळच्या बालकथा म्हणजे गरिबीचं रडगाणं आणि शहरी विचारवंतांचा प्रचार,’ असा मजकूर बरेच दिवस फिरतो आहे. पुरावा म्हणून एकच वाक्य दिलेलं असतं: काचेमागची ती मशीनगन माझी असायला हवी होती!

वाक्य खरं आहे. बेहरंगींच्या ‘चोवीस तास झोपेत आणि जागेपणी’ या कथेचा तो शेवट, आणि ते म्हणणारा मुलगा लतीफ. पण त्याआधीचं काहीच त्या मजकुरात नाही. बापाला काम मिळेना म्हणून लतीफ त्याच्याबरोबर तेहरानला आलाय, आई घरीच राहिलीय. रात्री बापलेक रस्त्यावर हातगाडीपाशी झोपतात. खेळण्यांच्या दुकानातल्या मोठ्या उंटावर लतीफचा जीव जडलाय; ती मशीनगनही त्याच दुकानाच्या काचेमागे आहे. स्वप्नात तो त्याच्यावर बसून तेहरान फिरून येतो. मग एका श्रीमंत मुलीचा बाप तो उंट विकत घेतो. लतीफ उंटाला बिलगतो, त्याला ओढून काढतात, तो रस्त्यावर आपटतो. तिथे ते वाक्य येतं. एवढं झाल्यावर त्याला राग येऊ नये, असं कोण म्हणेल? शिवाय, आपण ही कथा कित्ता म्हणून लिहिलेली नाही, आपल्याच देशातली ही मुलं तुम्हाला नीट कळावीत आणि त्यांच्या दुःखावर उपाय काय याचा तुम्ही विचार करावा, हे बेहरंगींनी सुरुवातीलाच सांगून ठेवलंय.

रडगाणं म्हणावं, तर त्यांचीच ‘एक पीच, हजार पीच’ ही कथा वाचा. जमीनदाराने गावकऱ्यांना आसपासची जमीन विकली, पण पाण्याची, हिरवीगार बाग स्वतःकडेच ठेवली. त्या बागेत दोन गरीब मुलं चोरून पीचची कोय लावतात. त्यातला एक सर्पदंशाने मरतो, दुसरा गाव सोडून जातो. झाड मोठं होतं, पण माळ्यासाठी एकही फळ पिकू देत नाही. करवतीची धमकी दिली तरी नाही. यात रडणं कुठे आहे?

शहरी विचारवंत, हे तर साफ चुकीचं. वायव्य इराणमधल्या तब्रीझचे बेहरंगी अठराव्या वर्षी मास्तर झाले आणि 1968 मध्ये अरास नदीत बुडून जाईपर्यंत, अकरा वर्षं, आझरशहर, ममागान, गोगान अशा गावांत शिकवत राहिले. तिथल्या पोरांची घरची बोली अझेरी तुर्की, शाळेची पुस्तकं मात्र फारसीत. ही मुलं त्यांनी रोज समोर पाहिली होती.

बेहरंगींचं ‘छोटा काळा मासा’ हे पुस्तक शहाविरोधी क्रांतिकारकांनी आपलं मानलं, हे खरंच आहे. पण ते कुठल्या तळघरात छापलेलं नव्हतं. शहाच्याच राणीच्या आश्रयाखाली चालणाऱ्या ‘कानून’ या मुलांसाठीच्या संस्थेनेच ते 1968 मध्ये काढलं. त्याचे चित्रकार फर्शीद मेस्गाली यांना 1974 मध्ये बालसाहित्यातला आंतरराष्ट्रीय हान्स अँडरसन पुरस्कार मिळाला.

बेहरंगींशी माझं भांडण आहे ते दुसऱ्याच जागी. नोकराचा हात धरून किंवा महागड्या मोटारीतून शाळेत येणाऱ्या मुलांनी ही गोष्ट वाचू नये, असं त्यांच्या ‘उल्दूझ आणि कावळे’च्या सुरुवातीला गोष्टीतली मुलगी उल्दूझ बजावते. मला ते पटत नाही. उंट घरी नेणाऱ्या त्या मुलीच्या हातातही लतीफची गोष्ट पडायला हवी.