बर्गर खाता खाता बघायचा सिनेमा

तुमच्या सोसायटीत कुणाला ‘जरा वैचारिक’ सिनेमा दाखवायची हुक्की आली, तर घाबरून जाऊ नका. मागच्या शनिवारी आमच्या क्लबहाउसमध्ये रिचर्ड लिंकलेटरचा ‘फास्ट फूड नेशन’ (2006) लावला होता. जमलेल्या मंडळींनी तो इतक्या सफाईने अंगाला न लावून घेता पाहिला की, त्यांचं कसब वाया जाऊ नये म्हणून हा लेख.

आधी खाण्याचं बघा. सिनेमा बर्गरच्या धंद्यावर आहे, तेव्हा बर्गरच मागवा. त्याला ‘थीम’ म्हणतात. वेष्टणं दिवे मालवल्यावरच उघडायची, म्हणजे सुरुवातीचे संवाद आपोआप टळतात.

उशिरा या. मेक्सिकोची माणसं सीमा ओलांडून वाळवंटातून चालत येतात, ते बघून काय करायचंय?

नट ओळखत राहा. एव्हरिल लव्हीन दिसली की शेजारणीला कोपर मारून ‘अगं, ही गाणारी ना?’ असं विचारा. ब्रूस विलिस आला की शिट्टी. थोडी घाण सगळ्यांनाच खावी लागते, असं तो ज्या थंडपणे सांगतो ते ऐकू आलं नाही तरी चालेल.

विद्यार्थी गोठ्याचं कुंपण कापतात आणि गाई जागच्या हलत नाहीत, तिथे हसा.

डॉन अँडरसनला मात्र मनात जपून ठेवा. हा ‘मिकीज’ नावाच्या बर्गर कंपनीचा मार्केटिंगवाला. मांसात शेण सापडलं म्हणून त्याला चौकशीला कोलोरॅडोत पाठवतात. तो सगळं बघतो, ऐकतो, परत येतो आणि गप्प बसून नव्या बर्गरच्या कामाला लागतो. बायको आहे, पोरं आहेत, नोकरी आहे. आपलाच माणूस.

आता हुकमी पत्ता. दिवे लागले की कुणीही तोंड उघडायच्या आत म्हणायचं, ‘पण आपण कुठे बीफ खातो?’ बास. सभागृह सुटलं. आमच्याकडे हे वाक्य पडलं आणि सगळ्यांचे चेहरे उजळले. हे सगळं तिकडचं, अमेरिकेतलं. मग चर्चा रंगली ती कोणत्या दुकानाचं स्वयंपाकघर काचेतून दिसतं, चिकन ताजं असतं का, तेल किती वेळा वापरतात, यावर. एका काकांनी ‘म्हणून आम्ही पहिल्यापासून शाकाहारी’ म्हणून टाळ्या घेतल्या. एका वहिनींनी एअर फ्रायरमधल्या बर्गरची कृती सांगितली आणि ती लोकांनी लिहून घेतली. शेवटच्या कत्तलखान्यात डोळे मिटून बसलेल्या एक बाई हळहळल्या, ‘बिचारी गाय!’

गाय बिचारीच. पण तिथे मेक्सिकोतून सीमा ओलांडून आलेली सिल्व्हियाही उभी होती हो! ते काम नको म्हणून ती हॉटेलात साफसफाई करत होती. मग तिचा राऊल मांसाच्या कारखान्यात जखमी होतो आणि कंपनी हात वर करते, म्हणे त्याच्या रक्तात उत्तेजक सापडलं. घरात पैसा नाही, म्हणून तिला त्याच कारखान्यात काम हवं असतं आणि ते मिळावं म्हणून तिथल्या सुपरवायझरबरोबर झोपावं लागतं. मग कापलेल्या जनावरांतून मूत्रपिंडं ओढून काढताना ती रडते. एवढा सिनेमा संपल्यावर आमच्याकडे पहिला प्रश्न काय आला? पनीर कोणत्या तेलात तळतात!

हेही नवं नाही. 1906 साली अप्टन सिंक्लेअरने शिकागोच्या कत्तलखान्यांतल्या परदेशी मजुरांच्या हालांवर कादंबरी लिहिली. वाचकांनी त्यातलं सडकं मांस तेवढं उचललं. त्याच वर्षी मांस तपासणीचा कायदा झाला, शुद्ध अन्नाचा झाला, मजुरांच्या वाट्याला काही आलं नाही. सिंक्लेअर पुढे म्हणाला की, त्याने नेम धरला होता लोकांच्या काळजावर, लागला मात्र पोटावर. बरोबर शंभर वर्षांनी हा सिनेमा आला, 17 नोव्हेंबरला तिकडच्या चित्रपटगृहांत लागला. महिनाही उलटला नव्हता, 12 डिसेंबरला त्याच कोलोरॅडोतल्या ग्रीलीसह सहा राज्यांतल्या मांस कारखान्यांवर, कागदपत्रं नसलेल्या परदेशी मजुरांच्या शोधात, सरकारी धाडी पडल्या. धरले कुणाला? मालकांना नव्हे. जवळजवळ तेराशे कामगारांना.

आणि तुम्ही म्हणता, आपण कुठे बीफ खातो!

हात कुणाचे होते ते बघा ना जरा. त्या रात्री ‘थीम’चे बर्गर घेऊन जो मुलगा आला, त्याला वॉचमनने गेटवर नाव, नंबर, फ्लॅट सगळं लिहायला लावलं. लिफ्टसमोर पाटी आहे, डिलिव्हरीवाल्यांनी ही लिफ्ट वापरू नये. मालवाहू लिफ्ट बंद. पोरगा सगळ्या पिशव्या घेऊन जिन्याने वर आला, भिजलेला. आणि पडद्यावर राऊल दिसत असताना तुमच्यापैकी एकाने मांडीवरचा मोबाइल काढून त्याला एक तारा दिला. उशीर झाला म्हणून! मी शेजारीच बसलो होतो, मला दिसलं.

लाज वाटायला हवी. ते बर्गर बटाट्याचे होते, पनीरचे होते, एकातही गाय नव्हती. त्याने काय फरक पडला त्या पोराला? पुन्हा शहाणपणाच्या चर्चा करायला मला बोलावू नका. येत्या सर्वसाधारण सभेत ती लिफ्टची पाटी काढायचा ठराव मी टाकणार आहे. तेव्हा मोबाइल खाली ठेवा आणि हात वर करा.