विषय क्रमांक ९

आज संध्याकाळी स्टेशनवरून घरी येताना मीटरबॉक्सशेजारच्या बोर्डावर आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस दिसली. हातात भाजीची पिशवी होती, ती खाली ठेवली आणि तिथेच उभी राहून सगळी वाचली. परत वाचली. मग चार मजले चढून वर आले, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. म्हणून हे लिहितेय.

पाण्याच्या टाकीचं वॉटरप्रूफिंग आहे. बरोबरच आहे, टाकी गळतेच आहे. विषय ५, पंचवीस नवीन खुर्च्यांची खरेदी. विषय ६, 'भाडेकरूंबाबत नियमावली'. विषय ७ पार्किंग, विषय ८ पुनर्विकास. आणि ९ म्हणजे 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'.

लिफ्ट कुठेच नाही.

मी जुलैअखेरीस लेखी पत्र दिलंय. त्याची पोच माझ्याकडे आहे, सही-शिक्क्यासकट. लिफ्टचा विषय अजेंड्यावर घ्या, सोबत एका कंपनीचं कोटेशन जोडलंय, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. सेक्रेटरींना फोन केला तर म्हणाले, "ताई, आयत्या वेळच्या विषयात बोला ना तुम्ही." ज्या विषयाची आधी नोटीस द्यावी लागते तो आयत्या वेळच्या विषयात घेता येत नाही, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही. तिथे चर्चा होईल, चहा येईल, लोक उठतील. गेल्या वर्षी असंच झालं. त्याच्या आधीच्या वर्षीही.

खुर्च्यांना स्वतंत्र विषय मिळाला. त्या खुर्च्यांबद्दल मला बोलायचंय.

८ जुलैची रात्र. साडेअकरा वाजले होते, बाहेर धो धो पाऊस. आईला श्वास लागला. वय एकोणऐंशी. आडवं झोपता येईना, बोलता येईना, ओठ काळेनिळे पडायला लागले. ॲम्ब्युलन्स वीस मिनिटांत आली, त्याबद्दल तक्रार नाही. पण तिच्याबरोबर दोघंच होते आणि स्ट्रेचर आमच्या जिन्यात वळतच नाही. पहिल्या मजल्याच्या लँडिंगला अडकलं ते अडकलंच. आणि आईला आडवं करायचंही नव्हतं, बसवूनच न्यायचं होतं. मग कोणीतरी खालून सोसायटीची लाल प्लास्टिकची खुर्ची वर आणली. गणपतीला लागतात, सभेला लागतात, त्याच खुर्च्यांतली एक. माझ्या दोन ओढण्यांनी आईला खुर्चीला बांधलं आणि चौघांनी चार पाय धरले.

बहात्तर पायऱ्या आहेत. मी त्या रात्री मोजल्या. पायऱ्यांवर सगळ्यांच्या छत्र्यांचं पाणी होतं. मी पुढे उलटी उतरत होते, आईचे पाय धरून. दुसऱ्या मजल्यावर खुर्चीचा एक पाय कडकन वाजला आणि आईने माझ्याकडे जे बघितलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आता विषय ५ मध्ये तीच मोडकी खुर्ची बदलायचा ठराव आहे.

आमच्या सोसायटीबाहेरच्या मित्रमंडळींसाठी थोडक्यात सांगते. डोंबिवली पूर्वेतली १९८७ ची बिल्डिंग, तळमजला अधिक चार, एका मजल्यावर चार घरं, एकूण वीस. त्या काळी चार मजल्यांच्या बिल्डिंगला कोण लिफ्ट लावत होतं! घेणारे सगळे तिशी-पस्तिशीतले. चौथा मजला स्वस्त, वारा भरपूर, पोरं दिवसातून दहा वेळा वरखाली धावायची. आता तीच माणसं सत्तरीच्या पुढे गेलीत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पिशवीला दोरी बांधून खाली सोडतात, भाजीवाला त्यात भाजी टाकतो, काकू ओढून घेतात. लोक कौतुकाने बघतात. मला बघवत नाही. ती बाई तीस वर्षं रोज ७:२२ च्या लोकलने नोकरीला जायची.

लिफ्टचा खर्च जास्त आहे, मान्य. बाहेरच्या बाजूने लोखंडी सांगाडा उभा करून लिफ्ट बसवायची, एकोणीस लाख. लिफ्ट निरीक्षकांचा परवाना, महापालिकेची परवानगी, हे सगळं करावं लागेल, तेही मान्य. आमच्या जिन्याच्या रचनेमुळे ती मधल्या लँडिंगला थांबेल, म्हणजे शेवटच्या नऊ पायऱ्या उरतील. तेही मान्य. बहात्तरच्या जागी नऊ! घरटी पंचाण्णव हजार होतात, दोन वर्षं महिना चार हजार धरा. सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या कामांसाठी बाजूला टाकतो त्या निधीत, फारसं काही नाही, कारण तो वर्षाला बांधकाम खर्चाच्या पाव टक्क्याने जमतो आणि बांधकाम खर्च १९८७ चा धरलेला. ही सगळी गणितं मी करून दिलीत.

मग लिफ्टला विरोध करणारे म्हणतात, तळमजल्यावाल्यांनी का द्यायचे? उपविधीत, म्हणजे सोसायटीच्या नियमांत, लिहिलंय की लिफ्टची देखभाल आणि चालवायचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्यांनी सारखा भरायचा, वापरा अथवा न वापरा. देखभालीला हे तत्त्व आहे तर उभारणीला का नको? आम्ही चौथ्या मजल्यावरचे, तळमजल्यावरच्या ड्रेनेजच्या चेंबरचे पैसे दिलेच ना? एकदाही विचारलं नाही आम्ही, की आमच्याकडे कुठे तुंबतं म्हणून.

बाहेरच्या पाटीवर 'को-ऑप. हौसिंग सोसायटी लि.' असं लिहिलंय. माझे बाबा या संस्थेचे पहिले सेक्रेटरी. पन्नास रुपयांचे दहा शेअर, असे घरटी पाचशे रुपये त्यांनी दारोदार जाऊन गोळा केले होते. नोंदणीसाठी कल्याणच्या उपनिबंधक कार्यालयात किती खेपा घातल्या त्याला हिशेब नाही. ते मला सांगायचे की मुंबईत गावदेवीला सारस्वतांनी १९१५ साली अशी सोसायटी काढली, भाड्याच्या घरातली साधी पगारदार माणसं एकत्र आली आणि एकमेकांच्या आधाराने हक्काची घरं उभी केली. हे सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. सहकार या शब्दावर त्या माणसाचा देवासारखा विश्वास होता.

आता पुनर्विकास. 'बिल्डिंगच पाडायची आहे तर लिफ्टवर खर्च कशाला', हा विरोध करणाऱ्यांचा सगळ्यात मोठा मुद्दा. बिनबुडाचा नाही, मी म्हणतच नाही. पण हे मी २०११ पासून ऐकतेय. अहो, जमीन अजून आपल्या नावावर नाही! संस्था नोंदल्यावर चार महिन्यांत बिल्डरने कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारतीची मालकी संस्थेच्या नावावर, करून द्यायचं असतं, त्याने केलं नाही. बिल्डर करत नसेल तर त्याच्याशिवायच सरकारकडून डीम्ड कन्व्हेयन्स घेता येतं, तो कायदा २००८ ला आला. आपण आजपर्यंत जिल्हा उपनिबंधकांकडे अर्जसुद्धा केला नाही. तीस वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं, तेही शेवटचं कधी झालं ते सेक्रेटरींनाच आठवत नाही. पुनर्विकासाला एक्कावन्न टक्के संमती लागते, ती मिळेलही. मग निविदा, मग वाटाघाटी, मग करारनामा, मग परवानग्या, मग बांधकाम. सगळं सुरळीत झालं तरी सहा-सात वर्षं. आई एकोणऐंशीची आहे. तिला मी काय सांगू, थांब म्हणून?

आणि विषय ६. हा वाचून तर माझ्या हाताला कंप सुटला. अविवाहित मुलांना जागा भाड्याने द्यायची नाही, आणि भाड्याने दिलेल्या घरांचं ना-भोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जास्तीचं घेते ते) दुप्पट करायचं. पहिली गोष्ट, हे शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांवर घेताच येत नाही, शासनाने २००१ सालीच ठरवून दिलंय. दुसरी गोष्ट, भाडेकरू कोण ठेवायचा ते घरमालक ठरवतो, संस्थेला कळवायचं आणि पोलिसांकडे नोंद करायची, संपलं.

आणि तिसरी गोष्ट. ८ जुलैला खुर्चीचे मागचे दोन पाय कोणी धरले होते? दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन मुलांनी. एक लातूरचा, एक जळगावचा. झोपेतून उठून बनियनवर धावत आले. एक जण हॉस्पिटलमध्ये पहाटे चारपर्यंत माझ्याबरोबर बाकावर बसला होता, आणि सकाळी सातला कामावर गेला. रात्री उशिरा येतात, गाणी लावतात, बरोबर आहे, मीसुद्धा दोनदा ओरडलेय त्यांना. पण त्यांना घालवायचा ठराव जर माझ्यासमोर झाला तर मी त्या सभेत गप्प बसणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

(मध्ये उठून आईला जेवायला वाढून आले. थोडी शांत झालेय.)

खुर्चीचे पुढचे दोन पाय कोणी धरले होते तेही सांगायला हवं. एक ॲम्ब्युलन्सचा माणूस. आणि दुसरे, आमचे तळमजल्यावरचे काका. लिफ्टला सगळ्यात मोठा विरोध ज्यांचा आहे ते. अडुसष्ट वर्षांचे, गुडघ्याचा त्रास असलेले. त्यांची एक चप्पल तिसऱ्या मजल्यावरच सुटली, ते अनवाणी उतरले. आणि पूर्ण वेळ आईला म्हणत होते, "वहिनी, डोळे मिटा. खाली बघू नका. मी धरलंय." त्यांनी खरंच धरलं होतं. आई आज आहे त्यात त्यांचा वाटा आहे आणि ते मी कधीही नाकारणार नाही.

काकांची पेन्शन किती आहे ते मला माहीत आहे. पंचाण्णव हजार त्यांच्यासाठी थोडे नाहीत. काका, तुम्ही हे वाचत असाल तर एवढंच म्हणते, पैशांचं आपण बसून बघू. तुमचे हप्ते चार वर्षांचे करू, आमच्यासारखे वरचे जास्त भरतील. माझी त्याला तयारी आहे, मी लिहून देते. पण विषय तरी येऊ द्या. त्या रात्री तुम्ही जसं धरलंत तसं आत्ता सोडू नका.

आता मला जे खरं बोलायचंय ते. आमचं घर आईच्या नावावर आहे. बाबा गेल्यावर शेअर सर्टिफिकेट तिच्या नावावर झालं. सभासद ती. मत तिचं. मला सहयोगी सभासद, म्हणजे तिच्या जोडीची सभासद, करून घ्यायचे कागद राहून गेले, ती चूक माझी. आणि सर्वसाधारण सभेला सभासदाच्या वतीने दुसऱ्या कोणाला प्रॉक्सी म्हणून किंवा अधिकारपत्र घेऊन बसता येत नाही. नियम आहे, कबूल.

सभा कुठे आहे? खाली, पार्किंगमध्ये.

म्हणजे जिला लिफ्ट हवी तिने लिफ्ट मागायला बहात्तर पायऱ्या उतरून यायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनीही उतरायचं. समोरच्या विंगेतले आजोबा, ज्यांना गेल्या दिवाळीपासून आम्ही फक्त खिडकीत बघतो, त्यांनीही. हे तिघं येणार नाहीत, आणि मग इतिवृत्तात लिहिलं जाणार की लिफ्टची मागणी कोणी केली नाही. गेल्या वर्षीच्या इतिवृत्तात नेमकं हेच वाक्य आहे.

हॉस्पिटलमधून आल्यापासून आई खाली उतरलेली नाही. यंदा गणपतीची आरती तिने मोबाइलवर बघितली. आपल्याच बिल्डिंगचा गणपती, चार मजले खाली. ढोल खिडकीतून ऐकू येत होता आणि चित्र हातातल्या फोनवर. ज्या मंडपात तिने तीस वर्षं मोदक वळले.

तर सेक्रेटरी साहेब, तुम्ही माझ्या पोस्ट वाचता हे मला माहीत आहे. सभा रविवारी २८ तारखेला सकाळी दहाला आहे. ती चौथ्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये घ्या. आमचं दार उघडं ठेवीन, हॉलमध्येही दहा जण बसतील. आजोबांना आणि काकूंना मोबाइलवर जोडून घ्या, कोविडमध्ये आपण सगळी सभा तशीच घेतली होती. हजेरीचं रजिस्टर वर येऊ द्या, आईची सही अजून स्वच्छ येते. चहा माझ्याकडून. आणि लिफ्टच्या विषयाची सुधारित नोटीस लावा. चौदा दिवसांची मुदत हवी म्हणून सभा पुढे ढकलावी लागली आणि वार्षिक सभेची ३० सप्टेंबरची मुदत उलटली, तर उपनिबंधकांना काय कळवायचं ते पत्र मी स्वतः लिहून देते.

अर्ज लिहून झालाय. उद्या सकाळी साडेसातला, कामावर जायच्या आधी, तुमच्या दारात येते. पोच द्या.