शुभीचं झेरॉक्स आणि पम्याचं कॉपीराइट

परवा संध्याकाळी शुभीच्या दुकानासमोर जे झालं ते लिहून ठेवतोय, नाहीतर पम्या ग्रुपवर आपलं व्हर्जन टाकणार आणि त्यात तो जिंकलेला असणार. आमचा कट्टा म्हणजे बंद पडलेल्या पाण्याच्या टाकीचा चौथरा, समोर शुभीचं झेरॉक्स-लॅमिनेशन-ऑनलाइन फॉर्म, शेजारी चहाची टपरी. दहावीची आमची बॅच, त्यातले गावात उरलेले पाच-सहा, आणि पम्या, जो हिंजवडीत नोकरीला आहे पण वर्क फ्रॉम होमच्या नावाखाली आईच्या हातचं खायला महिन्यातले पंधरा दिवस इथंच असतो.

सुरुवात मास्तरमुळं झाली. मास्तर पण आमच्याच वर्गातला, आता जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेवर आहे वाडीला. गाडी लावली, डिकीतनं चौथीचं परिसर अभ्यासचं पुस्तक काढलं आणि शुभीला म्हणाला, "खुणा केलेली पानं, पाच-पाच प्रती, पाठपोट काढ." का ते आम्हाला माहितीच आहे. कारखाना पेटला की बीडकडनं ऊसतोडीच्या टोळ्या येतात, उसाच्या फडाशेजारी कोप्या पडतात आणि दिवाळीनंतर मास्तरच्या एकतीसाच्या पटात एकदम अकरा पोरं वाढतात. पुस्तकं वाटली जूनमध्ये, ती पण मागच्या वर्षीच्या यू-डायसच्या, म्हणजे सरकारी ऑनलाइन पटनोंदणीच्या, आकड्यावर. ह्या पोरांची पुस्तकं तिकडं गावाकडं, आजीपाशी. एकानं आणलं होतं तर ते बैलानं खाल्लं, हे मास्तर शपथेवर सांगतो आणि मी विश्वास ठेवतो.

पम्यानं लॅपटॉपवरनं मान वर केली. "मास्तर, ॲक्चुअली हे इल्लीगल आहे, माहितीय ना तुला?"

मास्तर काहीच बोलला नाही. दिवसभर चार वर्ग, मधल्या सुट्टीत खिचडीची नोंद, हजेरी परत मोबाईलवर, वर बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं, काम, एवढं करून आलेला माणूस पम्याला काय उत्तर देणार. त्यानं चहा सांगितला.

पण पम्या उठला, पुस्तक हातात घेतलं, पहिलं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं की सर्व हक्क मंडळाकडं, संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही. वाचताना आवाज असा की जणू संचालक हाच.

शुभी काचेवर पान सरळ करत होती. वर न बघता म्हणाली, "कुठलं पुस्तक हाय बघ की जरा."

"परिसर अभ्यास भाग दोन."

"म्हंजे शिवाजी महाराजांचं. आता महाराजांचं झेरॉक्स काढायला सेनापती बापट रोडवर बालभारतीच्या हापिसात अर्ज करू व्हय रं?"

इथं पहिला हशा. पम्या म्हणतो इमोशनल होऊ नका, महाराजांवर कुणाचा हक्क नाही पण मजकुरावर आहे, बालभारती काय धर्मादाय आहे का, सगळे झेरॉक्स काढायला लागले तर पुस्तक विकत कोण घेणार. आता हे ऐकायला बरोबर वाटतं. पण शुभीचा हिशोब तोंडपाठ असतो. म्हणाली, "आरं शहाण्या, बालभारतीचं पुस्तक झेरॉक्सपेक्षा स्वस्तात पडतं. शंभर पानाचं पुस्तक माझ्याकडं काढलं तर दोनशे रुपय होतात. पैसे वाचवायला कोण झेरॉक्स काढतंय? पुस्तक मिळंना म्हणून काढत्यात. नोव्हेंबरात चौथीची पाच पुस्तकं आणून दे कुठनं तरी, मी आत्ता मशीन बंद करते."

पम्याकडं ह्याला उत्तर होतंच, त्याच्याकडं सगळ्याला एकच उत्तर असतं. डिजिटल. "ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट आहे, टॅबवर टाका ना, सरकारच्या दीक्षा ॲपचे क्यूआर कोड आहेत पानापानावर, स्कॅन करा, व्हिडिओ दिसेल. हा क्यूआरचा प्रकार आपल्या परितेवाडीतनंच आलाय, झेडपीच्याच शाळेतनं, डिसले सरांना 2020 ला ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलर! आणि तुम्ही अजून झेरॉक्स काढताय."

मग मास्तर बोलला, हळूच. टॅब आहेत, चार, कपाटात. चारातले दोन चार्ज होतात. चार्ज करायला लाइट लागते, आणि शाळेची लाइट मागच्या महिन्यात बिल थकलं म्हणून तोडली होती, ती लोकवर्गणीतनं जोडली. आणि कोपीत मोबाईल एकच, तो बापाकडं, बाप पहाटे चारला फडात. "क्यूआर चांगला हाय," म्हणाला, "पण शुभीचं टोनर संपत आलं की त्याचा काळा गोळा होतो." शुभीनं त्याच्याकडं असं बघितलं की बिचाऱ्यानं बिस्कीट चहात बुडवलं ते वर काढायचं विसरला.

आता शुभीच्या दुकानात एक गोष्ट आहे, जी सगळ्यांनी बघितलीय आणि कुणी वाचलेली नाही. मशीनच्या वर तुळजाभवानीचा फोटो, त्याच्या शेजारी पेपरचं कात्रण, लॅमिनेट केलेलं, कडा पिवळ्या पडलेल्या. आम्हाला वाटायचं तिच्या भावाचा फोटो आला असेल कबड्डीत. तिनं ते काढून पम्याच्या लॅपटॉपवरच ठेवलं.

दिल्लीच्या झेरॉक्सवाल्याची केस. रामेश्वरी फोटोकॉपी, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातलं दुकान, प्राध्यापकांनी लावलेली प्रकरणं एकत्र करून पोरांना विकायचं. 2012 साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस तिघांनी मिळून दुकानावर आणि विद्यापीठावर केस टाकली, साठ लाख मागितले. आणि 2016 च्या सप्टेंबरात हायकोर्टानं केस उडवली. म्हणजे एका बाजूला ऑक्सफर्ड-केंब्रिज आणि दुसऱ्या बाजूला शुभीसारखा कुणीतरी टोनरनं हात काळे झालेला. गंमत म्हणजे अमर्त्य सेन, ज्यांची पुस्तकं ऑक्सफर्डच छापतं, त्यांनीच पत्र लिहून सांगितलेलं की ह्या झेरॉक्सवर कायद्याचा एवढा जोर लावू नका.

"कलम बावन्न, एक, आय," शुभी म्हणाली. "शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं शिकवण्याच्या ओघात प्रत काढली तर ती चोरी न्हवं. धंदा माझा हाय, कायदा मला माहीत नको?"

पम्यानं लगेच फोनमध्ये शोधलं, आणि त्याला एक फट सापडली. अपिलात डिसेंबरला दोन जजनी म्हटलेलं की एवढी पानं शिकवायला खरंच लागतात का ते तपासा. "बघ! म्हणजे ओपन राहिलं!" शुभी म्हणाली पुढचं वाच. पुढं लिहिलं होतं की 2017 च्या मार्चमध्ये प्रकाशकांनी केसच मागं घेतली. पम्यानं फोन खिशात ठेवला.

एवढ्यात कविवर्य आला. ह्याची ओळख करून द्यायची तर, पाचशे प्रतींचा एक संग्रह, स्वखर्चानं, त्यातल्या चारशेच्या वर अजून पलंगाखाली आहेत, आई तिथं झाडू मारताना रोज एकदा कवितेला शिव्या देते. त्याला वाटलं विषय त्याचाच चाललाय. "मास्तरचं ठीक आहे, पण सगळंच फुकट म्हटल्यावर लिहिणाऱ्यानं काय करायचं?" आणि त्याचं दुखणं खरं आहे, हे मी मान्य करतो. त्याची आईवरची कविता गेली तीन वर्षं व्हॉट्सॲपवर फिरतेय, मदर्स डेला तर आम्हालाच चार-चारदा येते, आणि खाली नाव कुसुमाग्रज. ह्याला राग येतो. पण एवढा येत नाही जेवढा यायला पाहिजे, कारण कुणालातरी ती कुसुमाग्रजांची वाटली ना!

कविवर्यानं मग कॉपीराइटचं कीर्तन लावलं. लेखक गेल्यावर साठ वर्षं हक्क राहतो, आधी पन्नासच होता, टागोरांची मुदत संपायला आली म्हणून 1992 मध्ये सरकारनं दहा वर्षं वाढवली. साने गुरुजी 1950 ला गेले म्हणून 2011 पासून त्यांचं कुणीही छापावं. बहिणाबाईंचं वेगळं, त्या 1951 ला गेल्या आणि संग्रह आला 1952 ला, म्हणून तिथं साठ वर्षं पुस्तकापासून मोजायची. हे त्याला कसं माहीत, तर तो स्वतःच्या बाबतीत हिशोब करून बसलाय.

शुभी म्हणाली, "म्हंजे तू गेल्यावर साठ वर्षं मी थांबायचं? नको बाबा, आत्ताच सांग किती प्रती काढू."

मग विषय एआयवर गेला, जाणारच होता, पम्या असल्यावर. त्यानं ती अमेरिकेतली बातमी काढली, अँथ्रॉपिक ह्या एआय कंपनीची, लेखकांनी टाकलेल्या केसमधली, दीड अब्ज डॉलरची तडजोड, साधारण पाच लाख पुस्तकं, पुस्तकामागं तीन हजार डॉलर. जज म्हणाला होता की विकत घेतलेल्या पुस्तकावर मशीनला शिकवलं तर चालेल, पण पायरसीच्या साइटवरनं उतरवून साठवलं ते चालणार नाही. पम्याच्या मते हे पैसे देणंच चूक, कारण "मॉडेल वाचतं आणि शिकतं, जसा माणूस शिकतो, कॉपी नाही करत ते."

शुभीनं मशीन थांबवलं. खरंच थांबवलं, तो घर्रघर्र आवाज बंद झाला तेव्हा आम्हाला कळलं की आता काहीतरी येतंय.

"म्हंजे कंपनीनं पाच लाख पुस्तकं गिळली तर ते शिकणं, आन बीडच्या पोरानं चार पानं वाचली तर इल्लीगल?"

पम्या म्हणाला कॉन्टेक्स्ट वेगळा आहे. मग स्केल वेगळं आहे म्हणाला. मग ट्रान्सफॉर्मेटिव्ह म्हणाला. मास्तर म्हणाला, "ह्याच्या मराठीला जेवढी इंग्लिश भोकं पडत्यात तेवढा हा हरत असतो," आणि दिवसभरातलं मास्तरचं हे सगळ्यात लांब वाक्य असावं.

कविवर्य मात्र तीन हजार डॉलरवरच अडकला होता. बोटं मोजून म्हणाला, "अडीच लाखाच्या वर झाले रे! माझं एक तरी चोरायला पाहिजे होतं त्यांनी."

"तुझं पुस्तक चोरानं पण नेलं न्हाई," शुभी.

"यादीत असेल की, बघा ना."

पम्यानं त्याला समजावलं की अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसात रजिस्टर असायला पाहिजे, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख नंबर, पाहिजे. कविवर्याच्या पुस्तकावर आयएसबीएनच्या जागी प्रेसवाल्याचा मोबाईल नंबर आहे. तो एकदम खचला, मग त्याला आपल्या सरकारच्या समितीनं सुचवलेलं आठवलं, एआय कंपन्यांनी सरसकट लायसन घ्यायचं, पैसे एका ठिकाणी जमा, तिथनं लेखकांना वाटप. दिल्ली हायकोर्टात एएनआय ह्या वृत्तसंस्थेनं चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयवर केस टाकलीय ती चालूच आहे, पण हे लायसनचं झालं तर आपल्याला काहीतरी येईल म्हणाला. शुभी म्हणाली येईल की, आधी ग्रामसेवकाचा दाखला लागेल, मग हयातीचा. आणि मशीन तुझी आईवरची कविता वाचून कुसुमाग्रजांच्या खात्यावर पैसे टाकेल.

हसून हसून टपरीवाल्याचा ग्लास पडला. फुटला नाही.

पम्यानं शेवटचा प्रयत्न केला, केंद्र सरकारनं 2026-27 पासून तिसरीपासूनच एआय शिकवायचं जाहीर केलंय, तेव्हा ह्या झेरॉक्सची गरजच राहणार नाही. मास्तरनं विचारलं, "तिसरीत माझ्याकडं सात पोरं, त्यातल्या तिघांना अजून जोडाक्षर येत न्हाई. तिसरीला एआय, मग जोडाक्षर कितवीला?" ह्यावर कुणी हसलं नाही, एक मिनिट सगळे गप्प होते, आणि मग शुभीला ती वही आठवली. ती आठवल्याशिवाय आमची एकही चर्चा संपत नाही.

दहावीच्या प्रिलिमच्या आधी पम्यानं शुभीची विज्ञानाची वही नेली होती. दोनशे पानी, ब्राउन पेपरचं कव्हर, आत हृदयाची आकृती तिनं दोन रंगांच्या स्केचपेनांनी काढलेली, शुद्ध रक्त लाल, अशुद्ध निळं. वही परत आली नाही. बोर्डात पम्याला विज्ञानात तिच्यापेक्षा दोन मार्क जास्त पडले, आणि तो शेवटी इंजिनीअरिंगला गेला. शुभीचं पुढचं शिक्षण का थांबलं त्याची कारणं वेगळी आहेत, वहीमुळं नाही, पण ती दोन मार्क मोजते.

"ती वही म्हंजे मॉडेलनं वाचून शिकली व्हय रं?"

"अगं, पावसात भिजली ती, किती वेळा सांगू!"

"जूनमध्ये सांगितलेलंस उंदरानं खाल्ली."

मास्तर म्हणाला, "बैल असंल." मग काय, झालंच.

ह्या गोंधळात पम्याला आठवलं की तो मुळात कशाला आला होता. पाकिटातनं आधार काढलं, बँकेत केवायसी द्यायची होती, म्हणाला शुभे, दोन प्रती दे, पटकन.

शुभीनं कार्ड हातात घेतलं, उलटं केलं, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "संचालकांची लेखी परवानगी आणलीस?"

नेमकी त्याच वेळी लाइट गेली. पम्याचं कार्ड काचेखाली, मास्तरची एकोणीस आणि वीस नंबरची पानं रोलरमध्ये अडकलेली, आणि अंधारात कविवर्य अजून विचारतोय की आयएसबीएन आत्ता काढला तर मागच्या तारखेपासून धरतात का.