हायस्कोर म्हणजे रिकामटेकडेपणाची पावती म्हणे!

निकालाच्या आणि सुट्टीच्या दिवसांत एक मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपांवर हमखास फिरतो. तालमीच्या ग्रुपवर येतो, सोसायटीच्या येतो, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर तर दोन-दोनदा येतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच. व्हिडिओ गेममधला हायस्कोर ही रिकामटेकडेपणाची पावती आहे, वेळ घातला तर कुणीही करेल. असले विक्रम खोटेच असतात, बघायला कोण असतं? ट्रॉफ्या आणि अचिव्हमेंट म्हणजे कंपन्यांनी लावलेलं आमिष. खेळायचं तर मातीत खेळा, हे कुस्तीचं गाव आहे. आणि शेवटी, जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंगला आजार ठरवलंय, पोरं त्यात कर्जबाजारी होतात. खाली जोडलेले हात.

लिहिणाऱ्याची काळजी खरी असेलही. पण त्यानं कसबानं काढलेला स्कोर, हजेरीबद्दल मिळालेला बिल्ला आणि पैसे लावून खेळायचा जुगार या तिन्ही गोष्टी एकाच पोत्यात कोंबल्यात. त्या वेगळ्या काढल्या की मेसेजातलं एखादं कलम टिकतं, बाकीची नाही.

‘वेळ घातला तर कुणीही करेल’ हे आधी घेऊ. निन्टेन्डोच्या जुन्या कन्सोलवरचं टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे ठोकळे रचायचा गेम, १९८९ चं. आपल्याकडे टीव्हीला जोडून, कॅसेट घालून खेळायचे ते स्वस्तातले संच त्याच कन्सोलच्या नकला होत्या, त्यामुळे चाळिशीतल्या बऱ्याच जणांना हे दृश्य पाठ असेल. या टेट्रिसमध्ये २९ व्या लेव्हलला ठोकळा दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावर उमटणाऱ्या प्रत्येक चित्राला, एक ओळ खाली येतो. सेकंदाला ६० फ्रेम, उंची २० ओळींची. म्हणजे वरून तळाला यायला सेकंदाचा तिसरा हिस्सा. बटण दाबून धरलं तर ठोकळा बाजूला सरकतो खरा, पण आधी जरा अडखळतो आणि मग सहा-सहा फ्रेमला एक घर पुढं जातो. या चालीनं तो कडेपर्यंत पोचायच्या आत खाली बसलेला असतो. त्यामुळे २९ आली की खेळ संपला, असंच खेळाडू वर्षानुवर्षं धरून चालले होते. महिनाभर बसा, नाहीतर वर्षभर. तिथं मरायचंच.

मग काहींनी बटण दाबून धरणं सोडलं आणि अंगठा थरथरवत सेकंदाला दहाच्या वर टिचक्या मारायला सुरुवात केली. नुसतं वाचून सोपं वाटतं. घड्याळ लावून टेबलावर करून बघा, पाचव्या सेकंदाला दंड धरतो. त्याच्या पुढची शक्कल आणखी अजब, तिला रोलिंग म्हणतात. अंगठा बटणावर नुसता टेकवून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं कंट्रोलरच्या पाठीवर तबल्यावर फिरवल्यासारखी एकामागून एक आपटायची. इथं अंगठा बटण दाबत नाही, अख्खा कंट्रोलर मागून येऊन अंगठ्यावर आदळतो. २१ डिसेंबर २०२३ ला अमेरिकेतल्या ओक्लाहोमातला विलिस गिब्सन हा १३ वर्षांचा मुलगा असं रोलिंग करत १५७ व्या लेव्हलला पोचला आणि तिथं गेमच गोठला. प्रोग्रॅमला पुढं रेटवलंच नाही. माणसाच्या हातून हे पहिल्यांदा झालं, गेम येऊन ३४ वर्षं होऊन गेल्यावर. इतक्या वर्षांत रिकामा वेळ लाखो लोकांकडे होता की. हे हात नव्हते.

‘विक्रम खोटेच असतात’ या मुद्द्यावर मेसेजवाल्याच्या हाताला थोडं काहीतरी लागलंय. खोटेपणाचे आरोप झालेत आणि गाजलेतही. ॲक्टिव्हिजनचा ड्रॅगस्टर हा १९८० चा गेम घ्या. त्यात क्लच सांभाळायचा, गिअर टाकायचे, गाडी पळवायची, बास. शर्यत काही सेकंदांत आटोपते. सहा सेकंदांच्या आत गाडी आणली की टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून कंपनीला पाठवायचा, मग पोस्टानं कापडी बिल्ला यायचा. १९८२ मध्ये टॉड रॉजर्स यांच्या नावावर ५.५१ सेकंदांची नोंद झाली आणि ती पस्तीसेक वर्षं टिकली. गिनीजनंही ती मानली होती. पुढं एका स्पीडरनरनं, म्हणजे कमीत कमी वेळात गेम संपवायचा नाद असलेल्या खेळाडूनं, गेमचा कोड सोलून काढला आणि हिशेब मांडला: प्रत्येक बटण अगदी नेमक्या क्षणी दाबलं तरी ५.५७ च्या खाली गाडी जातच नाही. जानेवारी २०१८ मध्ये विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या ट्विन गॅलॅक्सीज या संस्थेनं रॉजर्स यांच्या सगळ्या नोंदी काढून टाकल्या, गिनीजनंही हात आखडता घेतला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये बिली मिचेल यांचे डाँकी काँग या जुन्या आर्केड गेममधले विक्रमही त्याच संस्थेनं हटवले. आक्षेप काय, तर पुराव्याच्या टेपमध्ये नवी लेव्हल येताना पडदा ज्या क्रमानं रंगतो, तो मूळ मशीनचा क्रम नाही. हे प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२४ मध्ये तडजोड होऊन ते आकडे जुन्या नोंदी म्हणून पुन्हा दाखवायचं ठरलं. कोण खरं कोण खोटं यात मला पडायचं नाही. मुद्दा एवढाच की सेकंदाच्या सहा शतांश भागासाठी कुणीतरी ३५ वर्षांपूर्वीचा कोड उकरतो, पडदा कसा रंगतो ते फ्रेमफ्रेमनं तपासतो. इतकी झाडाझडती ज्या प्रांतात चालते, तिथं ‘बघायला कोण असतं’ हा प्रश्नच गैरलागू.

आणि हो, बघायला माणसं असायचीच. नव्वदीत राजारामपुरीत नाहीतर शिवाजी पेठेत व्हिडिओ गेम पार्लरमध्ये गेलेल्यांना आठवत असेल. रुपयाचं नाणं टाकून कॅपकॉमचा कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स खेळायचा. ते नाव कुणीच घेत नसे, त्यातल्या गड्याच्या नावावरून सगळ्यांच्या तोंडी ‘मुस्तफा’. अनेक मशीनमधला हायस्कोर तर रात्री वीज बंद केली की पुसलाच जायचा. तो टिकायचा मागं उभ्या असलेल्या पोरांच्या तोंडात, आणि त्या पोरांइतके कडक पंच मी पुढं कुठं पाहिले नाहीत. ‘दोन नाणी घातलीस, धरणार नाही’ म्हणजे नाही.

आता आमिषाचा मुद्दा. हे कलम टिकतं, निदान अर्धं. मायक्रोसॉफ्टनं २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० आणताना प्रत्येक गेमच्या अचिव्हमेंटना, म्हणजे ठरावीक कामगिरी केली की मिळणाऱ्या बिल्ल्यांना, गुण लावले आणि ते खेळणाऱ्याच्या खात्यावर चढत जाण्याची सोय केली. २००८ मध्ये सोनीनं ट्रॉफ्या आणल्या. यात खेळाडूला गुंतवून ठेवायचा हिशेब नाही असं कोण म्हणेल? त्यात पोकळ बिल्ल्यांचा सुकाळ आहे. अवतार: द बर्निंग अर्थ नावाच्या गेममध्ये तर सुरुवातीलाच उभं राहून एकच बटण धडाधड दाबत राहिलं की चार-पाच मिनिटांच्या आत हजारच्या हजार गुण खात्यात जमा. त्याला कसब म्हणायचं तर मग बोलायलाच नको.

मोबाइलवरच्या रँकचंही तेच. बीजीएमआय या मोबाइलवरच्या गोळीबाराच्या गेममध्ये जिवंत राहण्याचे गुण मिळतात, म्हणून रँक पुश करणारे, म्हणजे कसंही करून रँक वर नेणारे, गवतात आडवे पडून राहतात, पोरं त्यांना ‘स्नेक’ म्हणून शिव्या घालतात. सीझन बदलला की रँक खाली येते आणि पुन्हा पहिल्यापासून हमाली. वर चढलेली आयडी विकत मिळते, ती गोष्ट वेगळीच. तेव्हा पोरानं रँक दाखवली तर नुसतं ‘वा’ म्हणू नका, ‘सोलो काढलीस का, किल किती?’ असं विचारा. उत्तर देताना त्याचा चेहराच सगळं सांगेल.

पण उरलेलं अर्धं कलम पडतं. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानावर प्रत्येक अचिव्हमेंटच्या शेजारी ती किती टक्के खेळाडूंना मिळाली हे लिहिलेलं असतं. ट्युटोरियल, म्हणजे सुरुवातीचा शिकवणीचा भाग, संपवल्याचा बिल्ला बऱ्याच जणांकडे असतो आणि अवघड कामगिरीचा मोजक्यांकडे. हजेरी कुठली आणि कामगिरी कुठली, हे त्या टक्क्यांवरून लगेच कळतं. मेसेज लिहिणाऱ्यानं तेवढं बघायला हवं होतं.

‘मातीत खेळा’ हे वाक्य आपल्या गावात कुणालाही पटतं, आणि म्हणूनच ते विचार न करता पुढं ढकललं जातं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये त्यानं कांस्य जिंकलं, तेव्हा त्याच्या नावापुढं ४५१.४ हा आकडा होता. तो मोजला इलेक्ट्रॉनिक टार्गेटनं आणि नेमबाजाला दिसला स्क्रीनवर. गोळी मध्यापासून किती लांब लागली ते दशांशात, एका गोळीला जास्तीत जास्त १०.९. तिथं माती कुठं होती? तरी त्या आकड्यासाठी अख्खा जिल्हा नाचला, आणि नाचायलाच पाहिजे होता. मॅटवरच्या कुस्तीतही चॅलेंज घेतला की पंच व्हिडिओच बघतात.

म्हणजे मी टेट्रिस आणि ऑलिम्पिक एका तागडीत तोलतोय असं नाही. नेमबाजीत श्वास, खांदा, वर्षानुवर्षांची शिस्त आहे, तिची सर गादीवर लोळून खेळलेल्या कुठल्याच गेमला येणार नाही. पण स्क्रीनवर आकडा आला म्हणून तो खोटा, हा निकष कोल्हापूरकरानं लावू नये. तसंही ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये प्रात्यक्षिक म्हणून होते आणि तीर्थ मेहतानं हार्थस्टोन या पत्त्यांच्या गेममध्ये भारतासाठी कांस्य आणलं. पुढच्या, हांगझोऊच्या एशियाडला तर ई-स्पोर्ट्सना अधिकृत पदकंच होती.

राहिला आजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची नवी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे, हे खरं. पण त्याची लक्षणं वाचा: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळं सोडून त्यालाच महत्त्व देणं, नुकसान दिसत असूनही चालूच ठेवणं, आणि हे सहसा निदान १२ महिने. घरात असं पोर असेल तर त्याला डॉक्टरकडे न्या, ग्रुपवर फॉरवर्ड टाकून ते बरं होणार नाही. हायस्कोर काढणं मात्र त्या लक्षणांत कुठंच नाही.

आणि कर्ज? टेट्रिस खेळून कुणी कर्जात गेल्याचं ऐकिवात नाही. घरं बसली ती पैसे लावायच्या ॲपांवर. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं जो कायदा केला, त्यानं हा फरक स्वच्छ केलाय: पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी, ई-स्पोर्ट्सना मान्यता. हा मेसेज पुढं ढकलणाऱ्या किती काका-मामांच्या मोबाइलवर तेव्हा रमी आणि फँटसी क्रिकेटची ॲपं होती, ते त्यांचं त्यांना ठाऊक.