छातीत दुखत नाही म्हणून हृदय ठणठणीत आहे, असं समजू नका

एक मेसेज सध्या बराच फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हृदयाच्या आतल्या अस्तराला संसर्ग झाला की छातीत जोरात दुखतं. दुखत नसेल तर निर्धास्त राहा. नुसता ताप असेल तर पाच दिवस अँटिबायोटिक घ्या. आणि दातांच्या कोणत्याही कामाआधी सगळ्यांनीच अँटिबायोटिक घ्यावं. यातला एकही सल्ला धड नाही, आणि पाच दिवसांच्या गोळ्यांचा तर जिवावर बेतू शकतो.

आधी दुखण्याचं. या आजाराचं, एंडोकार्डायटिसचं, सगळ्यात नेहमीचं लक्षण ताप आहे. छातीत दुखेलच असं नाही. जंतू बहुधा हृदयाच्या झडपांवर ठाण मांडतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू असेल तर थंडी वाजून ताप येतो, धाप लागते आणि धडधाकट झडपसुद्धा काही दिवसांत निकामी होऊ शकते. तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस मात्र आधीच बिघडलेल्या किंवा कृत्रिम झडपेवर सावकाश वाढतात. कित्येक आठवडे कणकण, रात्री घाम, उतरत जाणारं वजन, सांधेदुखी. घरच्यांना वाटतं, दगदग झाली असेल. छातीत दुखणारा प्रकारही आहे: शिरेतून नशा करणाऱ्यांमध्ये बरेचदा उजवीकडची झडप धरली जाते, झडपेवर साचलेल्या गुठळ्यांचे तुकडे फुप्फुसात जातात, मग खोकला आणि छातीत कळा. पण तो एक प्रकार झाला.

काही खुणा अंगावर उमटतात. नखाखाली बारीक कुसळ रुतल्यासारख्या तांबूस-काळपट उभ्या रेघा. खालची पापणी ओढली की आत टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके. बोटांच्या टोकांशी दुखऱ्या गाठी. नखाखालच्या रेघा साध्या मारानेही येतात, आणि अनेक रुग्णांमध्ये यातलं काहीच दिसत नाही. गुठळीचा तुकडा मेंदूत गेला तर पहिलं लक्षण पक्षाघातच असू शकतं.

आता त्या पाच दिवसांच्या गोळ्या. झडपेवर जंतू गुठळीच्या थरात दडलेले असतात. गोळ्यांनी रक्तातले मरतात, ताप उतरतो, माणूस कामाला लागतो. थरातले जिवंतच राहतात आणि ताप पुन्हा येतो. तेव्हा ब्लड कल्चर, म्हणजे रक्त बाटलीत ठेवून त्यातले जंतू वाढवून पाहायची तपासणी, केलं तर बाटलीत काही उगवत नाही, कारण गोळ्यांचा परिणाम रक्तात अजून असतो. कोणता जंतू, त्याला कोणतं औषध लागू पडेल, काहीच कळत नाही. म्हणून वेगवेगळ्या जागी सुई टोचून निदान तीनदा रक्त घेतात, तेही अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. उपचार बहुधा 4 ते 6 आठवडे, शिरेतून. काहींना शस्त्रक्रियाही लागते. 1911 साली संगीतकार गुस्ताव माहलर यांच्या रक्तात स्ट्रेप्टोकॉकस सापडला होता. निदान झालं, पण अँटिबायोटिक अजून जन्मालाच आलं नव्हतं. आज औषध हाताशी आहे आणि निदानाची वाट आपणच बुजवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

दातांच्या कामाआधीच्या डोसबद्दल अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2007 मध्येच सांगितलंय: तो फक्त जास्त धोक्याच्या लोकांना, म्हणजे कृत्रिम झडप, पूर्वी हाच आजार, काही जन्मजात हृदयविकार अशांना. जंतू ब्रश करताना, चावतानाही रक्तात जातात. त्यामुळे रोजची दातांची निगा जास्त मोलाची.

तुमची झडप बदललेली किंवा खराब असेल आणि कारण न सापडणारा ताप आला, तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना एवढं विचारा: “माझ्या झडपेचा त्रास आहे, आधी ब्लड कल्चर करायचं का?”