सात जन्म नवरा, आणि झाडाला हा जन्मही नाही?

आज वटपौर्णिमा. सकाळी बागेत चालायला गेले तर कृष्णवडाची खालची फांदी अर्धवट सोलून लोंबत होती. जखमेतून पांढरा चीक ठिबकतोय, आणि खोडाला मात्र नवंकोरं सूत, हळदकुंकू, दोन आंबे. म्हणजे बाईंनी फेरे इथेच मारले आणि जाताना फांदीही नेली! डोकंच फिरलं.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. कृष्णवड आपल्या वडाचाच एक प्रकार. पान तसंच जाड, पण देठाशी दोन्ही कडा जुळून त्याची वाटी झालेली. बाळकृष्णाने त्यात लोणी लपवलं म्हणे, म्हणून लोणीकटोरी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कासिमिर द कांदोल या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने ही वेगळी जात ठरवली आणि शास्त्रीय नावातही कृष्णाला आणलं. पुढे कॉर्नर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला वडाचा उपप्रकार केलं.

माझ्या लेकीला हे झाड बागेतल्या माळीकाकांनी दाखवलं. पाऊस नुकताच उघडला होता. काकांनी पान तोडलं नाही, फांदी हलकेच वाकवली आणि वाटीतलं पाणी तिच्या तळहातावर ओतलं. पोरगी अशी किंचाळली की बाकड्यावरचे आजोबा दचकले. "एक पान नेऊ?" तर काका म्हणाले, "खाली बघ, पडलेलं असेल." मिळालंही. एवढं सोपं आहे हो ते!

साधा वड चिवट. पाखरांनी बी टाकलं की गटाराच्या पाइपावरही उगवतो. कृष्णवडाचं तसं नाही. तो बागांमधून माणसांनी कलमं करकरूनच टिकवलाय. काका पावसाळ्याच्या तोंडावर त्याच फांद्यांना गुटी बांधायचे, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फुटावीत. ओलं शेवाळ, वर प्लास्टिक, सुतळीची गाठ, आणि कुणी हात लावू नये म्हणून दिवसभर तिथेच घुटमळणं. ते निवृत्त झाले. आता कंत्राटदाराची माणसं येतात, पालापाचोळा उचलतात, जातात. झाडावर पाटीसुद्धा नाही. १९७५चा वृक्षसंरक्षण कायदा आहे म्हणे. असेल.

मान्य, पार उरले कुठे, वाड्या जाऊन टॉवर झाले, नोकरीवरून धावत येणाऱ्या बाईने वड शोधायचा कुठे? पण दादरच्या बाजारात भारेच्या भारे विकायला येतात ते कुठल्या झाडाचे, हे कुणी विचारतं का? माझ्या सासूबाई गुडघे दुखायला लागल्यापासून पाटावर वडाचं चित्र काढून पूजा करतात. सासरे ठणठणीत आहेत.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्या बाईंनाही कुणी तळहातावर पाणी ओतून दाखवलं नसेल. दाखवायला काकाच नाहीत.

लोंबणारी फांदी मी आणि वॉचमनने कात्रीने नीट कापून घेतली, साल आणखी खाली फाटत जाऊ नये म्हणून. कापलेल्या तुकड्यांतला एक कुंडीत खोचलाय, बघू. तुम्हाला रोप हवं असेल तर नर्सरीत कृष्णवड म्हणून विचारा, मिळतं. मोठ्या कुंडीत लावा. सोसायटीच्या भिंतीलगत जमिनीत मात्र नको. वाटी कितीही गोंडस दिसली तरी वडच आहे तो, मुळं भिंत फोडतील आणि मग सेक्रेटरी माझ्या नावाने ओरडतील.