आधी क्लब टिकू दे, मग नंबर बघू

२०२५ च्या ख्रिसमसच्या सुट्टीत दोन आठवडे घरी, आझाद नगरला गेलो होतो. २६ डिसेंबरला संध्याकाळी मेट्रो स्टेशनजवळच्या टपरीवर आम्ही पाचजण कटिंग घेऊन उभे होतो आणि कोणाच्या तरी मोबाईलवर बातमी आली की मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने आपला फुटबॉल क्लब, मुंबई सिटी, सोडला. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये ६५ टक्के हिस्सा घेऊन आले होते, सहा वर्षांत गाशा गुंडाळला, कारण आपल्या लीगचं, म्हणजे इंडियन सुपर लीगचं (आयएसएल), पुढे काय होणार हेच कोणाला सांगता येत नव्हतं. क्लब परत पहिल्या मालकांकडे. त्यानंतर जो वाद पेटला तो टपरीवाल्याने स्टोव्ह बंद करून भांडी विसळली तरी संपेना.

एकाचं म्हणणं, मँचेस्टरवाले होते म्हणून दोन लीग शील्ड (टेबलात पहिला येणाऱ्याला) आणि दोन कप (प्लेऑफ जिंकणाऱ्याला) आले, आता बसा परत पहिल्यासारखे. दुसरा म्हणाला गेले ते बरंच झालं, रंग त्यांच्यासारखा, २०२३ ला लोगो बदलला तोही त्यांच्याच वळणाचा, ह्यात मुंबईचं होतं काय? तिसरा अजून मागच्या सीझनमध्येच अडकलेला, सहावा नंबर आणि वर प्लेऑफला बंगळुरूमध्ये ५-० हार, ते पण अशा क्लबकडून जिथे आपलाच राहुल भेके आणि आपलाच परेरा डियाझ जाऊन बसलेत, अपुइया तर मोहन बागानला गेला, मग टीम राहिली कुठे. दादा सगळ्यात शेवटी बोलला. "अरे लीग होणार आहे का ते आधी सांगा, नंबरवरून नंतर भांडू."

मी त्या दिवशी गप्प होतो. २०१८ पासून मी लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनमध्ये राहतोय आणि वर्षातून दोन आठवडे येणाऱ्याने टपरीवर उभं राहून इथल्यांना शहाणपण शिकवू नये असं मला मनापासून वाटतं. पण परत आल्यापासून तो वाद डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय.

आता इथलं सांगतो. माझ्या घरापासून सेलहर्स्ट पार्क चालत पंधरा मिनिटं. १९२४ चं ग्राउंड, चहूबाजूंनी बैठी घरं, आणि एका गोलच्या मागच्या स्टँडला चिकटून चक्क सुपरमार्केट आहे, तिथून मी कांदे-बटाटे घेऊन निघतो तेव्हा मॅच असेल तर आतला आवाज पार्किंगमध्ये ऐकू येतो. क्रिस्टल पॅलेसचं हे घर. हा क्लब २०१३ ला प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, वर आला आणि तेव्हापासून २०२५ पर्यंत, सलग बारा सीझन, कधी दहाव्याच्या वर गेला नाही आणि पंधराव्याच्या खाली आला नाही. म्हणजे मिड-टेबल म्हणतात ते ह्यालाच. आणि तरी दर मॅचला ग्राउंड भरलेलं, पंचवीस हजार माणूस.

शेजारी एक काका राहतात, सत्तरीच्या पुढचे, लहानपणी वडिलांचं बोट धरून जायचे तेव्हापासूनचं त्यांचं जाणं. मी मुंबईचा आणि फुटबॉल बघतो म्हटल्यावर त्यांनी मला आधी विचारलं की मुंबईत कोण कोण खेळून गेलं. मी फोर्लान सांगितला, आनेल्का सांगितला, मग आंद्रे मोरित्झ म्हटल्यावर काकांचा चेहरा उजळला, कारण हा मोरित्झ २०१२-१३ ला पॅलेसकडे होता, वर आलेल्या त्याच टीममध्ये. मी म्हटलं आयएसएलमधली पहिली हॅटट्रिक त्याची, ऑक्टोबर २०१४, पुण्याला आपण डी. वाय. पाटीलवर ५-० मारलं तेव्हा. त्या दिवसापासून काका मला भेटले की आधी मुंबईचा स्कोअर विचारतात, मग हवापाणी.

मला वाटायचं की इथली माणसं ह्या बाराव्या-तेराव्या नंबरावर खूश असतील. तसं अजिबात नाही. २०२४ च्या सुरुवातीला ह्याच लोकांनी ग्राउंडवर बॅनर धरले होते, मालकांच्या निर्णयांवर उघड टीका, आणि फेब्रुवारीत कोच रॉय हॉजसन गेले, ग्लासनर आले. काका हॉजसनना फार मानतात, क्रॉयडनमध्येच जन्मलेला माणूस, पण बॅनरच्या बाजूने पण होते. मी विचारलं असं कसं, तर म्हणाले, मी साठ वर्षं येतोय, मी नाही विचारणार तर कोण विचारणार. हे मला पटलं. म्हणजे मिड-टेबल गोड मानून घ्यायचं असं कोणीच म्हणत नाहीये, पण विचारायचा हक्क हा येऊन येऊन मिळवलेला असतो.

आणि ह्यांनी क्लब जवळजवळ गमावलेला पण आहे. २०१० च्या जानेवारीत पॅलेसचं दिवाळं निघालं, दहा पॉइंट कापले, शेवटच्या दिवशी शेफील्डला २-२ करून खालच्या लीगमध्ये जाता जाता कसेबसे वाचले, आणि तरी ग्राउंडचा सौदा बँकेत अडकला म्हणून लोक लंडनमध्ये त्या बँकेच्या दारात जाऊन उभे राहिले. काका त्यात होते. त्यामुळे दहावा की बारावा ह्यावर ते भांडतात जरूर, पण क्लब आहे हीच पहिली गोष्ट हे त्यांच्या अंगात मुरलंय.

मग १७ मे २०२५. एफए कपची, म्हणजे इंग्लंडमधल्या लहानमोठ्या क्लबांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेची, फायनल, समोर मँचेस्टर सिटी. माझी अवस्था काय सांगू, कारण तेव्हा तीच मँचेस्टर सिटी आपल्या मुंबई सिटीची थोरली बहीण होती, एकाच घरचे दोन क्लब, आणि मी मात्र सोफ्यावर बसून पॅलेससाठी देव पाण्यात घालून बसलेलो. सोळाव्या मिनिटाला पॅलेसच्या एझेने मारला, पुढे गोलकीपर हेंडरसनने मार्मूशची पेनल्टी अडवली, १-०. क्लबच्या आयुष्यातली पहिली मोठी ट्रॉफी. आमच्या गल्लीत माणसं दारं उघडून बाहेर आली, काही रडत होती. काका वेम्बलीहून रात्री उशिरा आले, गेटपाशी उभे राहून माझा हात धरला आणि कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत.

त्याच उन्हाळ्यात त्यांना युरोपा लीगमधून खालच्या कॉन्फरन्स लीगमध्ये ढकललं, कारण काय तर पॅलेसमध्ये ज्याचा हिस्सा होता त्याचाच फ्रान्समधल्या लिओ क्लबमध्ये पण हिस्सा. एका मालकाचे चार ठिकाणी चार क्लब असले की कधी ना कधी धाकट्याच्या ताटातलं जातं, हे मी इथे डोळ्याने पाहिलं, आणि डिसेंबरमध्ये आझाद नगरच्या टपरीवर दुसऱ्यांदा.

तरी सिटी ग्रुपला शिव्या देणाऱ्या मित्राच्या बाजूने मी पूर्ण नाही. ११ एप्रिल २०२२ आठवा, रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला आपण २-१ हरवलं, एशियन चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा पहिला विजय, आणि विजयाचा गोल हेडरने मारला राहुल भेकेने, मुंबईच्या पोराने. त्यानेच पुढे ४ मे २०२४ ला कॅप्टन म्हणून कोलकात्यात मोहन बागानला त्यांच्याच घरी ३-१ हरवून कप उचलला. ते फुटबॉल, तो पास खेळायचा आत्मविश्वास, त्यात ह्या ग्रुपचा वाटा होता आणि तो मान्य करायला काय जातंय. माझी तक्रार वेगळी आहे. त्यानंतर काहीच आठवड्यांत भेके बंगळुरूला गेला आणि आपण हळहळलो ते एक डिफेंडर गेला म्हणून. कप उचलणारा घरचा मुलगा गेला ही वेगळी हळहळ असते, ती मला फार थोड्यांकडे दिसली. पॅलेसने एझे आर्सेनलला विकला तेव्हा काका दोन दिवस कोणाशी धड बोलत नव्हते.

२०२६ च्या जानेवारीत, १० तारखेला, कप जिंकलेली ही पॅलेस एफए कपमध्ये मॅकल्सफील्डकडून २-१ हरली, सहाव्या लेव्हलचा क्लब. नंतर कॅप्टन ग्वेही पण गेला, मँचेस्टर सिटीलाच. मी हरल्याच्या दुसऱ्या दिवशी कचऱ्याचा डबा बाहेर काढताना काकांना गाठलं, ते गाडीच्या काचेवरचं बर्फ जुन्या कार्डाने खरवडत होते, गळ्यात लाल-निळा स्कार्फ. खूप चिडलेले. कोचपासून मालकापर्यंत सगळ्यांना बोलून झालं. मग म्हणाले, पुढच्या होम मॅचला माझ्या बाजूची सीट रिकामी आहे, तू येतोस का.

आता आपल्याकडे वळू. इथे सहावा म्हणजे सुरक्षित, कारण खाली खड्डा असतो, अठरावा आलास की लीगच्या बाहेर. आयएसएलमध्ये २०२५ पर्यंत खाली जाणंच नव्हतं, म्हणून आपल्याला वाटतं मिड-टेबल म्हणजे नुसतंच फुकट गेलेलं वर्ष. पण मुंबईत खड्डा नाही असं कोण म्हणतं? मी आणि दादा कूपरेजच्या ग्राउंडवर महिंद्रा युनायटेड बघायला जायचो, २००५-०६ ला नॅशनल लीग जिंकलेली टीम, चार वर्षांनी, २०१० ला, कंपनीने टीम बंद केली. मुंबई एफसी घ्या, मुंबई सिटीहून वेगळा क्लब, खालिद जमील सात वर्षं कोच, कधी ट्रॉफीच्या जवळ नाही आणि कधी खाली पण नाही, तुटपुंज्या पैशात दरवर्षी टिकून दाखवलं. तो गेल्यावर पुढच्याच सीझनला, २०१७ ला, टीम शेवटची आली आणि मग संपलीच, आणि त्याच सीझनला जमील मिझोरमच्या ऐझॉल क्लबला आय-लीग, मुंबई एफसी खेळायची तीच लीग, जिंकवून बसला. २०२५ ला तो भारताचा कोच झाला. मुंबई एफसी मात्र कुठेच नाही. शेजारची पुणे सिटी २०१९ ला गेली. १८९१ ला सुरू झालेला रोव्हर्स कप, ती फुटबॉल स्पर्धासुद्धा ह्या शहराने जाऊ दिली.

आपल्याकडे क्लब नुसते खालच्या लीगमध्ये जात नाहीत, ते मरतात. आणि मरतात तेव्हा कोणी बँकेच्या दारात जाऊन उभं राहत नाही. महिंद्रा बंद झाली तेव्हा मी पण नाही राहिलो, पेपरात वाचलं आणि कॉलेजला गेलो, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून सहाव्या नंबरावरून चिडणाऱ्या माझ्या मित्राला मी म्हणेन, चीड, जरूर चीड, ५-० विसरू नको, पण मागच्या सीझनला अंधेरीच्या ग्राउंडवर मॅचला किती वेळा गेलास? तिथे सगळी मिळून सहा-सात हजार सीट, त्या पण दर मॅचला भरत नाहीत. मला माहितीये की सगळं लोकांवर ढकलणं पण बरोबर नाही. साडेसातची मॅच, साडेनऊला सुटणार, डोंबिवलीच्या माणसाने वीरा देसाई रोडवरून मेट्रो, मग घाटकोपर, मग लोकल पकडून घरी कधी पोचायचं आणि सकाळी ऑफिसला कधी निघायचं. इथे काकांना पंधरा मिनिटं चालायचंय. ही तुलना सरळ होत नाही. आणि इथलंही सगळं सोनं नाही, तिकीट इतकं महाग की आमच्याच गल्लीतली कितीतरी पोरं ग्राउंडच्या आवाजात मोठी झाली आणि आत कधी गेलेली नाहीत. आपल्याकडे तिकीट परवडतं, मेट्रो दारात आहे, वेस्ट कोस्ट ब्रिगेड ह्या मुंबई सिटीच्या चाहत्यांच्या ग्रुपची पोरं रिकाम्या स्टँडमध्ये पण नव्वद मिनिटं ढोल बडवतात. २०१८ च्या जूनमध्ये भारत-चायनीज तैपेई मॅचला अडीच हजार लोक होते, भारताचा तेव्हाचा कॅप्टन सुनील छेत्रीने हात जोडून या म्हटलं आणि दोनच दिवसांनी केनियाच्या मॅचला हेच अंधेरीचं ग्राउंड भर पावसात हाऊसफुल्ल झालं. म्हणजे माणसं आहेत. दर वेळी कोणी हात जोडायला लागू नयेत एवढंच.

आणि मालक जे कोणी असतील त्यांनी पण आता मँचेस्टरकडे बघणं सोडून कूपरेजकडे बघावं, तिथल्या लीगमध्ये रेल्वे आणि बँकांच्या टीमशी झुंजणाऱ्या पोरांकडे, वांद्र्या-कुर्ल्याच्या, अंबरनाथच्या. अकरामध्ये तीन मुंबईची पोरं असलेली सहावी टीम मला चालेल, दोन सीझन चालेल. पहिला नंबर मी पण मागणार आहे, पण तिसऱ्या सीझनला.

लीग १४ फेब्रुवारी २०२६ पासून सुरू होणार असं शेवटी जाहीर झालंय, छोटी, एकेकदाच भिडणारी. दादाला काल फोन केला, अंधेरीतल्या पहिल्या मॅचची तिकिटं निघाली की चार काढ, पुतण्याला ने, त्याच्या दोन मित्रांना ने. २०१६ चा माझा स्कार्फ मी निघताना पुतण्याला देऊन आलोय, फोर्लानने केरळला तीन मारले त्या दिवशी गळ्यात होता तो. त्यावर जुना लोगो आहे, पोराला तो आवडत नाही, नवा पाहिजे म्हणतो. घेऊन देईन म्हटलं, आधी ह्याच्यावर मॅचला जाऊन ये.